उसना घसा

सुलताना मुजावर भेडसीच्या मापन केंद्रावर पोचली तेव्हा तिच्या एका हातात तुटलेली चप्पल होती आणि दुसऱ्या हातात करारनामा. चप्पल ओढ्यात गेली होती, पायालाही खरचटलं होतं. करारनामा मात्र प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत खडखडीत कोरडा होता. माणूस काय कोरडं ठेवतो त्यावरून त्याची नोकरी ओळखावी.

"घुणके मॅडम तुम्हीच ना?" ती दारातूनच म्हणाली. "आवाजावरून लगेच ओळखलं असतं, पण तुम्ही अजून बोललाच नाहीत."

हेमांगी घुणकेनं वर पाहिलं. वय चव्वेचाळीस, कपाळावर कायमची एक आठी, आणि समोर नदीच्या पातळीचे आकडे. पाच वर्षांपूर्वी ती तांबुळे धरणाच्या नियंत्रण कक्षाची प्रमुख होती. आता सोनगी नदीच्या वरच्या अंगाला, जिथे एसटी दिवसातून एकदा आली तर आली, तिथे ती एका खांबावर पाणी किती चढलं ते बघायची. खरं तर ते काम सेन्सर करायचा. सेन्सरवर लक्ष ठेवायला हेमांगी होती. हेमांगीवर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, कारण तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"माझ्या आवाजाशी तुमचा काय संबंध?"

"संबंध?" सुलताना इचलकरंजीची. दहा शब्दांत भागतं तिथे चाळीस वापरायची. "मॅडम, तुम्ही एकशे चौतीस लोकांच्या घशात आहात!"

हेमांगीनं पेन खाली ठेवलं.

मग सुलतानानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. माणूस घाबरला की सगळ्यात आधी त्याचा घसा फितूर होतो. चेहरा सांभाळता येतो, हात खिशात घालता येतात, पण स्वरतंतूंना एक बारीक थरथर सुटते, सेकंदाला आठ-दहा झटक्यांची. श्वास उथळ होतो, सूर चढतो, दोन वाक्यांमधली जागा आखडते. ऐकणाऱ्याला यातलं काही समजत नाही, पण त्याच्या कानाला समजतं. 'हा माणूस काही खरा नाही' असं आपल्याला वाटतं ते यामुळेच. सुलतानाच्या कंपनीनं यावर धीरकळ काढली होती. मसुराएवढी, कानामागे बसणारी. हृदय, श्वास आणि घसा या तिघांचा लगाम एकाच मज्जातंतूच्या हातात असतो आणि त्याचा एक फाटा कानापर्यंत येतो. धीरकळ तिथे इतके मंद विजेचे ठोके द्यायची की ते जाणवतही नसत. गळ्यावर कातडीच्या रंगाची एक पट्टी असायची. घसा आता काय करणार आहे, हे पट्टीला आवाज फुटण्याआधी पाव सेकंद कळायचं. तेवढ्या पाव सेकंदात धीरकळ त्या घशाला लगाम घालायची.

पण लगाम घालायचा म्हणजे कोणत्या चालीला? चाल कुणाची तरी हवी. कंपनीनं आधी नट घेतले. ते फुकट गेलं. नट शांतपणाचं सोंग हुबेहूब आणतो, पण आतून त्याचं काळीज टाळ्यांकडे धावत असतं. मग योगवाले घेतले. त्यांना शांत राहता यायचं, पण शांत राहून कामाचं काही बोलता यायचं नाही. हवा होता खऱ्या संकटात, खऱ्या माणसांशी, तासन्‌तास स्थिर बोललेला घसा. तो कंपनीला मिळाला एका धरणाच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिफितींत.

"अकरा तास, मॅडम! अकरा तासांत एकदाही थरथर नाही. आमच्या साहेबांनी तर त्या फितीला उदबत्ती लावायचं बाकी ठेवलंय. आता नवीन कायद्यानं घशाच्या मूळ ठशाच्या मालकाची सही लागते, म्हणून आले."

"पहिल्यांदा वापरला कधी?" हेमांगीनं विचारलं.

"नावं सांगता येत नाहीत."

"नाव नाही विचारलं. कधी?"

"दोन हजार सदतीसच्या फेब्रुवारीत. कसली तरी चौकशी होती."

हेमांगी उठली आणि खिडकीशी गेली. तिला आठवत होतं. त्या फेब्रुवारीत, त्या चौकशीत, साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेला माणूस प्रत्येक वाक्याआधी थांबायचा, नाकानं एक लांब श्वास घ्यायचा आणि मग बोलायचा. हे आपण कुठे ऐकलंय, असं तिला तेव्हाही वाटलं होतं. स्वतःचा श्वास माणूस बाहेरून कधी ऐकत नाही, म्हणून ओळखू आला नाही इतकंच.

*

त्या माणसाचं नाव रणधीर वाळवेकर. सोनगी खोरे जलप्राधिकरणाचे अधीक्षक अभियंता. अंगानं भरदार, केस नेहमी आत्ताच विंचरल्यासारखे. खालच्याला 'अहो' म्हणायचे आणि त्यातूनच त्याला त्याची पायरी दाखवायचे.

छत्तीस सालच्या ऑगस्टात एका दुपारी सव्वादोन वाजता हेमांगीनं त्यांना फोन केला होता. वर भेडसीला पाणी तासाला दीड मीटरनं चढतंय, आत्ताच दोन दारं थोडी उघडू द्या, म्हणजे पाणी हळूहळू जाईल. वाळवेकर म्हणाले होते, "अहो, उद्या जलपूजन आहे. मंत्री धरणाची ओटी भरायला येणार, आणि आपण धरण रिकामं करून ठेवायचं? पाहुणा यायच्या आधी पंगत उठवतात का कधी?"

भरलेल्या धरणाला साडी-चोळी आणि नारळ वाहायची पद्धत जुनी. त्यासाठी धरण काठोकाठ दिसलं पाहिजे, ही पद्धत मात्र फोटोवाल्यांची. वाळवेकर पाच वाजेपर्यंत थांबले. पाचला पाणी दारांवरून वाहायची वेळ आली तेव्हा सगळी दारं एकदम उचलली. हेमांगीनं मायक्रोफोन हातात घेतला आणि पुढचे अकरा तास एकोणीस गावांशी एकेक करत बोलत राहिली. अठरा गावं निघाली. कुरणवाडीत चार माणसं गेली.

चौकशीत वाळवेकर म्हणाले, "घुणके मॅडमचा फोन मला पाचला दहा कमी असताना आला." नोंदवहीचं ते पान तेवढं भिजलं होतं. कार्यालयात पाणी शिरलं नव्हतं, पान मात्र भिजलं होतं. उरला शब्दाला शब्द. समितीकडे विश्वासांक काढणारं नवंकोरं यंत्र होतं, आवाजावरून माणूस कितपत खरा ते सांगणारं. त्यानं वाळवेकरांना एक्याण्णव दिले. हेमांगी खरं सांगत होती, पण समोर बसून शांतपणे खोटं बोलणारा तो माणूस बघून तिचा आवाज संतापानं कापत होता. यंत्राला भीतीची थरथर आणि संतापाची थरथर यांतला फरक कळत नव्हता. तिला मिळाले त्रेचाळीस.

कुरणवाडीच्या हौसाक्का पाखरेंची सून आणि नातू त्या चौघांत होते. समितीच्या दारात त्या म्हातारीनं हेमांगीच्या पायांपाशी थुंकून माती टाकली होती.

आणि आता कळत होतं की ज्या स्थिरपणानं तिला गाडलं तो तिचाच होता. ध्वनिफिती कंपनीला 'संशोधनासाठी' देण्याच्या कागदावर सही वाळवेकरांची होती. घरची विहीर, घरचाच दोर आणि बुडवलं घरधनिणीलाच.

*

"सही करते," हेमांगी सुलतानाकडे वळून म्हणाली. "पण मला सांगा, तुमचं गिऱ्हाईक खूश आहे का?"

सुलतानानं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत सेन्सरशिवाय कुणी नव्हतं, तरीही ती आवाज उतरवून बोलली. "खरं सांगू? कुरबुरी आहेत. धीर एकाच साच्याचा पडतो. बारशालाही तोच सूर, मयतीलाही तोच. लोक म्हणायला लागलेत, साहेब बोलत नाहीत, स्टेशनावरची उद्घोषणा करतात. म्हणून नवी आवृत्ती येतेय. तिला एकच चाल पुरत नाही, माणसाचा सगळा घसा लागतो. राग आल्यावर कसा, दुःखात कसा, खरं सांगताना कसा..."

"आणि खोटं सांगताना?"

"तेही घेतोच. वापरणारा खोटं बोलणार असला की त्याच्या घशावर एक वेगळा ताण येतो, पट्टीला तो आधीच कळतो. मग मूळ माणूस खोटं बोलताना जसा वागतो तसं धीरकळ त्याला वागवते. त्यासाठी खोटं सफाईनं बोलणारा घसा हवा. तुम्हाला जमेल?"

"शिकेन की," हेमांगी म्हणाली. "आमच्या खात्यात पंचवीस वर्षं काढलीत."

पुण्याला कंपनीच्या ध्वनिकक्षात तिनं सहा दिवस दिले. तपासणीची वाक्यं कंपनीनं छापूनच दिली होती. 'माझं नाव सुनंदा आहे.' 'आज मंगळवार आहे.' 'मला कारल्याची भाजी फार आवडते.' हेमांगीनं दोनशे वाक्यं लोण्यासारखी म्हटली. सुनंदा होण्यानं कुणाचं काय वाकडं होणार होतं? घसा कशाला अडेल? तंत्रज्ञांनी माना डोलावल्या.

पाचव्या दिवशी मोकळं बोलायचं होतं. यंत्र त्यातून आपलं आपण शिकायचं. ऐकत कुणी बसायचं नाही. हेमांगीनं दार लावून घेतलं. डोळे मिटून ती कुरणवाडीच्या चौघांची नावं मनात आणायची आणि म्हणायची, "फोन मी पाचला दहा कमी असताना केला." तिचा घसा आवळायचा, शब्द 'पाचला'पाशी अडकायचा, कोरडा खोकला यायचा. पाणी प्यायची, पुन्हा म्हणायची. असं तिनं चाळीस वेळा केलं. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारणारं, आपली कातडी वाचवणारं खोटं या घशातून जात नाही, हे ती यंत्राला पोरीला पाढे शिकवावेत तसं शिकवत होती.

कंपनीनं तपासलं ते हलकं खोटं. जड खोटं तपासायला त्यांच्याकडे काटाच नव्हता.

करारात तिनं एकच अट घातली: नवा ठसा चालू झाला की जुना बाद. कंपनीनं आनंदानं मानली. जूनमध्ये एकशे चौतीस घशांत नवी हेमांगी जाऊन बसली. वाळवेकर म्हणे फार खूश होते. एका सत्कारात बोलताना त्यांना चक्क गहिवरून आलं होतं.

हेमांगीचा हिशेब सरळ होता. छत्तीसच्या पुराची फेरचौकशी नोव्हेंबरात होती. तिथे वाळवेकर खुर्चीत बसतील, लांब श्वास घेतील आणि तोंड उघडतील. ती पहिल्या रांगेत बसणार होती. कोणती साडी नेसायची तेही ठरलं होतं.

पण नदीनं हा बेत वाचला नव्हता. पूर ऑगस्टातच आला.

*

"तुम्ही ताबडतोब कुरणवाडीला या," सकाळी नऊ वाजता वाळवेकरांचा फोन आला. आवाज अगदी स्थिर. "ही माणसं हलायला तयार नाहीत. तुम्हाला बोलवा म्हणतात."

"मला? कशाला?"

"ते इथे आल्यावर कळेल."

हेमांगी पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. बिरोबाच्या देवळापुढे सहाशेच्यावर माणसं जमली होती. कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या काखेत कोंबडी, पण पाय कुणाचाच हलत नव्हता. रस्त्यावर वीस-बावीस ट्रॅक्टर रिकामे उभे. तीन वाजता ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जाणार होता, चार वाजता गाव. तो आकडा हेमांगीनंच सकाळी कळवला होता.

झालं होतं असं की वाळवेकरांनी गावाला अत्यंत धीरगंभीरपणे सांगितलं होतं, "घाबरण्याचं कारण नाही, पण गाव सोडावं लागेल." आणि गावानं त्यातलं पहिलं अर्धंच घेतलं होतं.

"एवडा निवांत बोलतोय म्हंजे काय पानी येत न्हाई," एक जण म्हणाला होता.

"छत्तीसला बी असाच गोड बोलत हुता की," दुसरा म्हणाला होता. "ह्याच्या शब्दावर पाच वर्सांत सा येळा गाव सोडलं. पानी आलं न्हाई, चोर तेवडं आलं."

शेवटी हौसाक्का पाखरे देवळाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. सत्तरी ओलांडलेली, काठीएवढीच बारीक. तिनं निवाडा दिला होता, "शब्द घ्याचा तर शब्द कसला हाय ते आदी बघू. त्या सालाला फोन कवा आला हुता? बेलभंडार उचला आन सांगा. त्या बाईलाबी बोलवा. दोगं समोरासमोर हुंद्यात. मग गुरं सोडतो."

बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन, देवापुढे, गावासमोर सांगायचं. या खोऱ्यात बांधाच्या भांडणापासून सोयरीक मोडण्यापर्यंत सगळं त्यावर मिटायचं. कोर्टात खोटं बोललेला माणूस या गावात जावई म्हणून खपून गेला असता. भंडार उचलून खोटं बोललेल्याच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नसे.

वाळवेकर तयार झाले होते. का नाही होणार? एक्याण्णव गुण मिळवलेला माणूस. यंत्रापुढे बसून आला होता, मूठभर हळदीची त्याला कसली भीती? शिकलेल्या माणसाकडून अशी चूक होते. देव नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तेवढ्यावरच तो निर्धास्त असतो.

आधी हेमांगीनं बेलभंडार उचलला. "मी साहेबांना फोन केला तो दुपारी सव्वादोनला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. पाच वर्षांपूर्वी कापला होता तसाच. गर्दीत कुजबुज झाली. टीव्हीवर पाहिलेली तीच थरथर. हौसाक्कानं तोंड फिरवलं.

मग वाळवेकर पुढे झाले. पिवळा भंडारा ओंजळीत घेतला. थांबले. नाकानं लांब श्वास घेतला. तो श्वास हेमांगीचा होता.

"घुणके मॅडमचा फोन मला," ते म्हणाले, "पा..."

आणि घसा आवळला. कोरडा खोकला आला. ते हसले, हाताच्या पाठीनं ओठ पुसले. "माफ करा. फोन मला पाच... पाचला..." पुन्हा तेच. मानेच्या शिरा फुगल्या. तिसऱ्यांदा तर नुसती हवा बाहेर आली.

मग मागून कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, "भंडार लागला!"

"लागला, लागला!" बायांनी कपाळाला हात लावले.

पाच वर्षं वाट पाहिलेला क्षण तीन महिने आधीच दारात येऊन उभा होता. साडी मात्र चिखलानं बरबटलेली होती. हेमांगीनं त्या माणसाकडे पोटभर पाहून घेतलं. लाल झालेला चेहरा, कानाकडे जाणारा हात. तो धीरकळ उपटणार हे तिला दिसत होतं. उपटली की मागे उरेल तो वाळवेकरांचा स्वतःचा घसा. पाच वर्षं न वापरलेला, भेदरलेला. त्या घशाचं गाव काहीच ऐकणार नव्हतं. माणूस इथेच, सहाशे लोकांपुढे संपला असता.

आणि गाव बसून राहिलं असतं. पाणी तर चार वाजता येणारच होतं.

दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांबद्दल तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. आपण काय तोलत होतो ते तिला ठाऊक होतं, आणि काटा बराच वेळ मधोमध उभा होता हेही.

मग तिनं देवळातला पाण्याचा तांब्या उचलला आणि वाळवेकरांजवळ गेली. पाणी देताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, कळ काढू नका. घसा माझा आहे. खोट्याला तो मिटतो. खरं बोलून बघा, लोण्यासारखा चालेल."

वाळवेकरांचे डोळे मोठे झाले. त्यांना समजलं, सगळं समजलं: पुणे, नवी आवृत्ती, रद्द झालेला जुना ठसा.

"तुम्ही..." ते पुटपुटले.

"मीच. पुलाला तीन तास आहेत. तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी गर्दीकडे पाहिलं. धीरकळ काढली तर भित्रा. ठेवून खोटं बोलायला गेलं तर देवानं धरलेला. निघून जावं तर गाव बुडाल्यावर दुसरी चौकशी, आणि तिला सहाशे साक्षीदार. असा माणूस खऱ्याकडे वळतो तो खऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. बाकीची सगळी दारं लावलेली असतात म्हणून.

ते थांबले. लांब श्वास घेतला.

"फोन सव्वादोनला आला," वाळवेकर म्हणाले. आवाज पाण्यासारखा स्वच्छ आला. त्यांचे ते स्वतःच दचकले. "मॅडमनी दारं उघडू द्या म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी जलपूजन होतं, धरण भरलेलं दिसायला हवं होतं. नोंदवहीचं पान मी भिजवलं. तुमची चार माणसं माझ्यामुळे गेली." आणि मग त्याच आवाजात, "आज पाणी चार वाजता येतंय. हा आकडाही मॅडमचाच आहे. त्यांचा आकडा मागे चुकला नव्हता, आजही चुकणार नाही. चला."

छत्तीस साली बिनतारी यंत्रावर ज्या आवाजानं अठरा गावं उठवली होती तो आवाज पुन्हा एकदा, परक्या तोंडातून, लोकांच्या कानांना लागला होता. हौसाक्कानं काठी पायरीवर आपटली.

"ऐकलं न्हवं? गुरं सोडा!"

गाव उठलं. पोरं, पोती, शेळ्या, देवाचा टाक. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर हलायला लागले. वाळवेकर आपल्या गाडीकडे निघाले तेव्हा हौसाक्का आडवी आली.

"तुमी कुटं? तुमी शेवटच्या ट्रॅक्टरनं. गावाच्या मागनं."

"आजी, मला कंट्रोल रूमला..."

"आजी म्हनू नका. आजी म्हननारा गेला." एवढंच बोलून ती हेमांगीकडे वळली. "तुजं नाव काय गं?"

"हेमांगी."

"पाच वरीस शिव्या घातल्या, नाव ठावं न्हवतं. नुसतं सटवी म्हनायची." तिनं मुठीतला देवाचा भंडारा हेमांगीच्या कपाळाला लावला. तो पावसात लगेच ओघळून डोळ्यांत गेला. हेमांगीनं तो पुसला नाही. डोळे कशानं चुरचुरतात हे कुणाला सांगावं लागू नये, ही सोय त्यात आपसूक झाली.

शेवटचा ट्रॅक्टर पुलावरून गेला तेव्हा पावणेतीन झाले होते. त्यात मागे दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या मधे रणधीर वाळवेकर.

*

आता न्याय झाला असं वाटेल. हेमांगीलाही चार दिवस तसंच वाटलं. पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात वाळवेकरांचा फोटो आला: 'खरं बोलणारा अधिकारी'. आपली चूक जाहीरपणे कबूल करून सहाशे जीव वाचवणारा, हल्लीच्या काळात दुर्मिळ वगैरे. दोन महाविद्यालयांनी त्यांना 'दबावाखाली नेतृत्व' या विषयावर बोलायला बोलावलं. हेमांगीनं ते वर्तमानपत्र चुलीत घातलं. ओलं होतं, नीट पेटलंही नाही.

इतर एकशे तेहतीस घशांतही कुरकुर सुरू झाली होती. एका साखर कारखान्याचा अध्यक्ष सर्वसाधारण सभेत 'याला कार्यकारी संचालक जबाबदार आहेत' म्हणता म्हणता खोकत खाली बसला. एका शल्यविशारदानं रुग्णाच्या नातेवाइकांना दोष नर्सचा असं सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्या तासानं स्वतःचा राजीनामा लिहिला. काहींनी धीरकळ काढून फेकली, आणि लोकांनी विचारलं, का काढली? हा प्रश्न खोकल्यापेक्षा वाईट होता. सुलताना फोनवर रडकुंडीला आली होती. "मॅडम, साहेब म्हणतात तुम्ही आमचा माल नासवला!" "तुम्ही माझा घसा अर्धाच विकला होता," हेमांगी म्हणाली, "मी फक्त पुरा करून दिला."

ऑक्टोबरच्या शेवटी, भर दुपारी, वाळवेकर भेडसीला आले. एसटीनं. सरकारी गाडी निलंबनाबरोबर गेली होती. बारा दिवसांनी फेरचौकशी होती आणि या वेळी प्रश्न फोनच्या वेळेचा नव्हता, फौजदारी गुन्ह्याचा होता. गावापुढची, भंडाऱ्याच्या धाकानं दिलेली कबुली हा कायद्याच्या लेखी कच्चा पुरावा. हेमांगीनं आपली फौजदारी तक्रार पुढे रेटली नाही तर प्रकरण खात्याच्या ताशेऱ्यांवर मिटण्यासारखं होतं.

ते खुर्चीत बसले. बसताच त्यांनी धीरकळ कानामागून काढली, गळ्याची पट्टी सोलली आणि दोन्ही टेबलावर ठेवली.

"मशीन लावून नाही बोलायचं मला," ते म्हणाले. हा आवाज हेमांगीनं कधीच ऐकला नव्हता. बारीक, फाटका, शब्दागणिक हिंदकळणारा. "माणूस म्हणून आलोय. मी... मी रोज त्या चार जणांची नावं घेतो, मॅडम. तुमचं मी फार वाईट केलं. मला माफ करा. मनापासून सांगतो."

डोळ्यांत पाणी होतं. आवाज तर असा कापत होता की दगडाला दया यावी.

हेमांगी ऐकत राहिली. तो माणूस खरा वाटत होता, आणि खोटाही. त्याचा घसा 'पाणी द्या' म्हणतानाही असाच कापला असता. यंत्रानं पाच वर्षं सांभाळलेल्या त्या घशात आता खऱ्याची आणि खोट्याची थरथर वेगळी उरलीच नव्हती. क्षणभर तिला तिचे स्वतःचे त्रेचाळीस गुण आठवले. कापणाऱ्या आवाजावर विश्वास न ठेवणं काय असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दया येऊ लागली होती. अगदी खरी दया.

तिनं बोटानं टेबलावरची धीरकळ त्यांच्याकडे सरकवली.

"लावा," ती म्हणाली. "आणि परत म्हणा."

वाळवेकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या मसुराच्या दाण्याकडे. नकार द्यावा तर उत्तर मिळालंच, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी पट्टी गळ्याला चिकटवली, धीरकळ कानामागे बसवली. थांबले. नाकानं लांब श्वास घेतला.

"मी माफी मा..." घसा मिटला. खोकला. "मला मनापा..." पुन्हा मिटला. त्यांनी डोळे मिटून घेतले, खांदे पाडले, जणू आतलं कुणी तरी दमून खाली बसलं. मग तिचा तो स्थिर, स्वच्छ, अठरा गावांना उठवणारा आवाज त्यांच्या तोंडून बाहेर पडला:

"मी माफी मागायला आलो नाही. तुम्ही तक्रार मागे घ्यावी म्हणून आलोय. त्या चौघांची नावं मला आठवत नाहीत."

"हे मात्र पटलं," हेमांगी म्हणाली.